गुण येण्याची कारणे आणि विचारण्याची भाषा

औषधाने रोग हटला म्हणजे मराठी माणूस ‘औषधाचा गुण आला’ असे म्हणतो; आणि तेच औषध एका वैद्याकडून घेतले असता बरे वाटते व दुसऱ्याकडून घेतले असता वाटत नाही, असा अनुभव आला म्हणजे ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ असे म्हणून तो मोकळा होतो. पहिल्या प्रयोगात गुण द्रव्याचा आहे, दुसऱ्यात तो द्रव्य देणाऱ्याचा. उपचाराचे फल कशावर अवलंबून असते या प्रश्नाची दोन उत्तरे भाषेने अशी केव्हाच नोंदवून ठेवली आहेत. या दोहोंपैकी कोणाचा वाटा किती, हे मोजण्याचा प्रयत्न वैद्यकीय संशोधनाने मात्र गेल्या पाऊणशे वर्षांतच नेटाने केला. त्या प्रयत्नाचा एक भाग भाषेच्या अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावे असा आहे. कारण तेथे मोजली गेलेली वस्तू रसायन नसून प्रश्नाची वाक्यरचना आहे.

द्रव्याचा वाटा प्रथम पाहिला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या वाट्याविषयी भलत्याच अपेक्षा निर्माण होतात. क्षयरोग्याला मोकळी हवा, पूर्ण विश्रांती, सकस अन्न आणि शुश्रूषा लाभल्याखेरीज त्याला उतार पडत नाही, ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वमान्य होती. आरोग्यधामे याच समजुतीवर उभी होती. १९५६ साली मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांच्या सहकार्याने ही समजूत कसोटीला लावण्यात आली. शहरातील गरीब वस्त्यांतील रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दैवाधीन दोन गट पाडले. एक गट आरोग्यधामात ठेवला, दुसऱ्याला घरीच राहू दिले. आयसोनियाझिड आणि पॅस ही औषधे दोन्ही गटांना वर्षभर सारखीच दिली. घरच्यांना अन्न निकृष्ट होते, जागा अपुरी होती, आणि त्यांतील अनेकांना कष्टाचे कामही सुटले नव्हते. आरोग्यधामातील रोग्यांचे वजन अधिक वाढले, यात नवल नाही. परंतु वर्षाअखेर रोग शमलेल्यांचे प्रमाण आरोग्यधामात ९२ टक्के, तर घरी ८६ टक्के भरले. घरच्या माणसांना संसर्गाचा धोकाही पुढील पाच वर्षांच्या पाहणीत अधिक आढळला नाही. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर आरोग्यधामांची सद्दी संपण्यास प्रारंभ झाला.

या प्रयोगाचे तात्पर्य सामान्यतः येथेच थांबवले जाते: औषध उत्तम असेल तर हवा, अन्न व विश्रांती यांचे महत्त्व गौण ठरते. वस्तुतः मद्रासच्या संशोधकांना लगेच दुसरा प्रश्न भेडसावू लागला होता. घरी राहणारा रोगी औषध घेतो की नाही, हे कसे कळावे? त्यासाठी लघवीची तपासणी करावी लागली, अचानक घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजाव्या लागल्या. खोकला थांबला, अंगात शक्ती आली, की पुढचे आठ-नऊ महिने दररोज औषध कशासाठी घ्यायचे, हे रोग्याला उमगत नाही. ते त्याला सांगावे लागते, आणि समजेल असे सांगावे लागते. द्रव्याचा गुण रोग्यापर्यंत पोचण्याची वाट अशी बोलण्यातून जाते.

ही वाट किती रुंद आहे याचाही हिशेब झाला आहे. वैद्याचे बोलणे आणि रोग्याची औषधनिष्ठा यांच्या संबंधावरील शंभराहून अधिक पाहण्यांचे झोलनिएरेक व डिमॅटिओ यांनी २००९ साली एकत्र विश्लेषण केले. ज्या वैद्यांचे बोलणे कमी प्रतीचे ठरले, त्यांच्या रोग्यांत औषध व पथ्य न पाळण्याचा धोका १९ टक्क्यांनी अधिक आढळला. अशा पाहण्यांत कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही. निष्ठेने औषध घेणाऱ्या रोग्याशी वैद्यही मनमोकळे बोलत असेल. म्हणून प्रत्यक्ष प्रयोगांकडे वळणे इष्ट.

त्यांतील एक जुना प्रयोग आजही वाचनीय आहे. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील भूलतज्ज्ञ लॉरेन्स एग्बर्ट व त्यांचे सहकारी यांनी तो १९६४ साली प्रसिद्ध केला. पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ९७ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. दोन्ही गटांना आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ नेहमीप्रमाणे भेटून गेला. एका गटाला मात्र त्याने आणखी काही सांगितले: शस्त्रक्रियेनंतर दुखेल, ते अमुक ठिकाणी, साधारण इतके आणि इतका काळ दुखेल, पोटाचे स्नायू आखडल्यामुळे ते दुखत असते, स्नायू सैल कसे सोडावेत, कुशीवर कसे वळावे, आणि एवढे करूनही वेदना सहन होईनाशी झाली तर औषध अवश्य मागावे. शस्त्रक्रियेनंतरही तो या गटातील रुग्णांना भेटून हेच पुन्हा सांगत असे. शस्त्रवैद्यांना कोणता रुग्ण कोणत्या गटातील हे ठाऊक नव्हते. वेदनाशामकांचे प्रमाण ठरवणाऱ्यांचा आणि रुग्णाला घरी सोडणाऱ्यांचा पक्षपात त्यामुळे टळला. ज्यांना असे सांगितले होते त्यांना लागलेले अफूवर्गीय वेदनाशामक दुसऱ्या गटाच्या निम्म्यावर आले, आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले.

येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. एग्बर्ट यांनी रुग्णांना दिला तो नुसता धीर नव्हे. ‘काही होणार नाही, घाबरू नका’ हा आपल्याकडील धीर देण्याचा रूढ प्रकार आहे. बोस्टनच्या भूलतज्ज्ञाने नेमके याच्या उलट सांगितले. त्याच्या बोलण्यात भविष्यकाळाची विधाने होती आणि ती खरी ठरणारी होती. शस्त्रक्रियेनंतर पोट दुखू लागले तेव्हा एका गटाला ते बिघडल्याचे चिन्ह वाटले असेल, दुसऱ्याला सांगितल्याप्रमाणे घडल्याचे. वेदनेचा अर्थ बदलला, असे म्हणणे येथे अलंकारिक ठरत नाही.

एग्बर्ट यांच्या प्रयोगात वैद्य बोलतो आणि रुग्ण ऐकतो. रुग्ण बोलतो तेव्हा काय घडते, याकडे लक्ष जाण्यास ध्वनिमुद्रण स्वस्त व्हावे लागले. लॉस एंजेलिस येथील बालरुग्णालयात बार्बरा कोर्श यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माता व डॉक्टर यांच्या ८०० भेटी तपासल्या. मुलाला हा आजार कशामुळे झाला हे जवळजवळ निम्म्या मातांना डॉक्टरांकडून बाहेर पडतानाही कळलेले नव्हते. १९८४ साली बेकमन व फ्रँकेल यांनी ७४ भेटींच्या मुद्रणांतून असे दाखवले, की ‘काय होतंय?’ या प्रश्नाचे उत्तर रुग्णाला अवघ्या १७ भेटींत पुरे करता आले. उरलेल्यांपैकी बहुतेकांत डॉक्टरने ते सरासरी अठराव्या सेकंदाला तोडले होते. वेळ नसतो, ही यावरची नित्याची सबब. परंतु १९९९ साली मार्व्हल व सहकाऱ्यांनी २६४ भेटी तपासल्या, तेव्हा ज्यांना बोलणे पुरे करू दिले त्या रुग्णांनी, तोडलेल्यांपेक्षा सरासरी केवळ सहा सेकंद अधिक घेतल्याचे आढळले. सहा सेकंदांची सबब फारशी टिकण्यासारखी नाही.

या संशोधनाला काटेकोर भाषिक रूप दिले ते कॅलिफोर्निया विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ जॉन हेरिटेज व त्यांचे सहकारी यांनी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात २० डॉक्टर आणि २२४ रुग्ण होते. आपल्याला काय काय सांगायचे आहे हे रुग्णांकडून आधीच लिहून घेतलेले होते. भेटीचे चित्रमुद्रण झाले. आणि लिहिलेल्यापैकी काय सांगायचे राहून गेले ते शेवटी ताडून पाहिले. मुख्य तक्रार ऐकून झाली की डॉक्टरने एक प्रश्न विचारायचा होता. काही डॉक्टरांना तो ‘एनिथिंग’ हा शब्द घालून विचारण्यास सांगितले होते, काहींना ‘समथिंग’ हा शब्द घालून. बाकीचे वाक्य अक्षरशः एकच होते. ज्यांनी एकाहून अधिक तक्रारी लिहिल्या होत्या, त्यांच्यापैकी ‘समथिंग’ ऐकणाऱ्यांनी सुमारे ९० टक्के वेळा होकार दिला; ‘एनिथिंग’ ऐकणाऱ्यांनी सुमारे ५३ टक्के. पहिल्या प्रश्नामुळे न सांगितलेल्या तक्रारी ७८ टक्क्यांनी घटल्या. दुसऱ्या प्रश्नाचा परिणाम प्रश्न मुळीच न विचारण्यापेक्षा लक्षणीय वेगळा नव्हता. भेटीची लांबी वाढली नाही.

इंग्रजी व्याकरणाच्या अभ्यासकाला यात आश्चर्य वाटू नये. ‘एनिथिंग’ या शब्दाचे स्वाभाविक स्थान नकारार्थी वाक्यात आहे. प्रश्नात आला तरी तो नकाराची छाया बरोबर घेऊन येतो. ‘समथिंग’ होकाराकडे कललेला आहे. व्याकरणकार ज्याला सूक्ष्म भेद म्हणून तळटीप देतात, त्या भेदावर एखाद्या रुग्णाच्या छातीतील दुखण्याचा उल्लेख होणे वा न होणे अवलंबून असू शकते.

आता हा निष्कर्ष मराठीत कसा आणावयाचा? भाषांतराने तो येत नाही, हे पहिल्याच पावलाला कळते. मराठीतील ‘काही’ हे सर्वनाम दोन्ही घरचे पाहुणे आहे: ‘पेटीत काही आहे’ आणि ‘पेटीत काही नाही’ ही दोन्ही वाक्ये सारखीच निर्दोष. ‘अजून काही?’ या प्रश्नाचा कल म्हणून शब्दाने ठरत नाही. तो स्वराने, डॉक्टरच्या हाताने आणि कागद पुढे ओढण्याच्या क्षणाने ठरतो. ‘काहीतरी’ हा शब्द होकारापुरता राखलेला आहे खरा, कारण ‘काहीतरी नाही’ असे कोणी म्हणत नाही. परंतु ‘तुम्हांला अजून काहीतरी होतंय का?’ हे वाक्य दवाखान्यात उच्चारून पाहावे. त्यात विचारपूस कमी आणि संशय अधिक ऐकू येतो. ‘काहीतरीच काय बोलता!’ या उद्गाराचा शेजारही त्या शब्दाला भोवतो. शब्दकोशावरून ‘समथिंग’ला ‘काहीतरी’ लावून प्रशिक्षणाची पुस्तिका तयार करणाऱ्याच्या हाती असे वाक्य पडेल.

मराठीतील खरी अडचण निराळ्या ठिकाणी आहे. ‘बाकी काही त्रास नाही ना?’ हा आपल्याकडील दवाखान्यांतला सर्वपरिचित प्रश्न. त्यात विधान नकारार्थी आहे आणि ‘ना’ हे अव्यय त्या विधानाला संमती मागते. ‘घरी सगळे बरे ना?’ या क्षेमकुशलाच्या प्रश्नाशी त्याची रचना मिळतीजुळती असल्यामुळे तो सौजन्याचा वाटतो, आणि आहेही. पण क्षेमकुशलाच्या प्रश्नाला आजाराची यादी हे उत्तर नव्हे. डॉक्टरसाहेबांनी ‘नाही ना?’ म्हटल्यावर ‘आहे’ म्हणणे म्हणजे त्यांचे विधान खोडणे. वयाने, शिक्षणाने वा जातीने आपण खालचे आहोत असे ज्याला वाटते तो रुग्ण ते सहसा खोडीत नाही. ‘नाही, नाही, बाकी बरं आहे,’ असे म्हणून तो उठतो, आणि राहिलेली गोष्ट दाराशी कंपाउंडरला सांगतो.

उलट पक्षी, मराठीजवळ इंग्रजीत नसलेले एक साधन आहे. प्रश्नार्थक सर्वनामाची द्विरुक्ती केली की उत्तर अनेक आहे हे गृहीत धरले जाते. ‘कोण आले होते?’ या प्रश्नाला एक नाव पुरते. ‘कोण कोण आले होते?’ याला पुरत नाही. त्याच न्यायाने ‘काय होतंय?’ आणि ‘काय काय होतंय?’, ‘कुठे दुखतं?’ आणि ‘कुठे कुठे दुखतं?’ हे प्रश्न एक नव्हेत. दुसरा प्रश्न रुग्णाला सांगतो, की एकाहून अधिक गोष्टी असणार हे मला ठाऊक आहे. पहिली सांगून थांबू नका. ‘आणखी काय काय?’ हा प्रश्न हेरिटेज यांच्या ‘समथिंग’चे काम कदाचित त्याहूनही चांगले करील. अर्थात हे आजमितीस अनुमान आहे. त्याविरुद्ध असाही आक्षेप घेता येईल, की ‘काय काय’ने न होणाऱ्या तक्रारीही सुचू लागतील. दोन्ही गोष्टी मोजून पाहण्यासारख्या आहेत, आणि त्यासाठी लागणारा खर्च एका ध्वनिमुद्रकाचा व चिकाटीचा आहे.

प्रश्न नीट विचारला गेला तरी उत्तर ज्या शब्दांत येते ते शब्द नोंदीत टिकतातच असे नाही. घेरी, भोवळ, चक्कर, गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांतील गरगरणे आणि अंधारी हा भेद निदानाच्या दृष्टीने मोलाचा आहे. एक बहुधा कानाकडे बोट दाखवतो, दुसरा रक्तदाबाकडे वा हृदयाकडे. केसपेपरवर मात्र या सर्वांसाठी एकच इंग्रजी शब्द उतरतो. वेदनेचे तसेच. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या मॅकगिल वेदना-प्रश्नावलीत वेदनेची ७८ विशेषणे २० गटांत मांडलेली आहेत. मराठीत वेदना प्रायः विशेषणाने सांगत नाहीत, क्रियापदाने सांगतात: डोके ठणकते, पोटात मुरडते, पाठीत चमकते, डोळे चुरचुरतात, जखम हुळहुळते. प्रश्नावलीचे भाषांतर करताना या क्रियापदांची विशेषणे बनवली, तर कोणीही न बोलणारी मराठी तयार होते आणि रुग्ण तिच्यातील पहिल्या ओळखीच्या शब्दावर बोट ठेवतो.

वैद्य व रुग्ण यांची भाषाच निराळी असेल तर धोका उघड आहे. ग्लेन फ्लोरेस यांनी अमेरिकेत स्पॅनिश भाषक कुटुंबांच्या १३ भेटींची मुद्रणे तपासून २००३ साली ३९६ दुभाषी-चुका नोंदवल्या. त्यांतील ६३ टक्के उपचारावर परिणाम होऊ शकेल अशा होत्या. कान दुखणाऱ्या मुलाच्या आईला पोटात घ्यायचे औषध कानांत घालण्यास सांगणे, ही त्यांतील एक. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा सातपुड्यातील भिली बोलणारा रुग्ण मराठी डॉक्टरसमोर बसतो तेव्हा दुभाष्याचे काम नर्स, नातेवाईक अथवा शाळेत जाणारे पोर करते. कोरकू मुंडा कुळातील, गोंडी द्राविड. मराठीच्या अंदाजाने त्या समजत नाहीत.

पण एकच भाषा बोलणाऱ्यांतही काही गोष्टी बोलल्या जात नाहीत, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या. पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. या दुखण्यांसाठी मराठीत ‘अंगावरून जाणे’ हा वाक्प्रचार आहे, आणि उपचार न घेता दिवस ढकलण्यासाठी ‘अंगावर काढणे’ हा. येथे औषधाचा गुण कमी पडला असे म्हणता येत नाही. त्याची गाठच पडली नव्हती. अशा रुग्णाला ‘काय काय होतंय?’ हा प्रश्नही पुरणार नाही. तो कोण विचारतो, बरोबर आलेली सासू खोलीत आहे की बाहेर, आणि विचारणारी ‘मावशी’ म्हणून पुन्हा ‘तू’ म्हणते की ‘तुम्ही’, यांचाही हिशेब करावा लागेल.

बोलण्याचा एकंदर परिणाम किती मानावा? केली व सहकाऱ्यांनी २०१४ साली १३ प्रयोग एकत्र करून वैद्य-रुग्ण-संबंधांत हेतुतः केलेल्या सुधारणेचा आरोग्यफलावरील परिणाम मोजला. तो प्रमाणित एककात ०.११ भरला, म्हणजे लहान, पण शून्य नव्हे. क्षयाचे जंतू आयसोनियाझिडने मरतात, गोड बोलण्याने नव्हे, हे मद्रासच्या आकड्यांनंतर वेगळे सांगण्याचे कारण नाही. शिवाय या तेरा प्रयोगांत संबंध सुधारण्याच्या भिन्नभिन्न रीती एका मापात घातल्या आहेत, आणि सरासरीत त्यांतील फरक बुजतात. हेरिटेज यांच्या प्रयोगात परिणाम ठळक दिसला याचे कारण त्यांनी एकच शब्द बदलला आणि त्या शब्दाला लागून असलेले फळ मोजले.

मराठीत असा अभ्यास करणाऱ्याने मुद्रणाच्या लेखनापासूनच सावध राहिले पाहिजे. दवाखान्यातील संभाषण कागदावर उतरवताना ‘ना’, ‘हं’, ‘बरं’, ‘अच्छा’ हे शब्द भरताड म्हणून गाळण्याची आणि ‘काय काय’चे ‘काय’ करण्याची लेखनिकांना सवय असते. आरंभीच्या लेखनात ही अव्यये, रुग्णाचे थांबणे आणि डॉक्टरचे मध्येच बोलणे सेकंदांच्या नोंदीसह उतरले नसेल, तर पुढील विश्लेषणास विषयच उरत नाही.